धुळ्याच्या नानांना, गिअरबॉक्सबद्दल

आदरणीय नाना,

सा. न. वि. वि.

तुमच्या गॅरेजात माझ्या पिकअपचा गिअरबॉक्स तुम्ही मार्गी लावलात. फोनवर तुम्ही आभाराचा शब्द काढू दिला नाहीत, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. चोपडा-शिरपूर पट्ट्यात केळी भरणाऱ्या कितीतरी पिकअपवाल्यांनी जास्त ताकदीसाठी डिझेल पंप आणि टर्बोची सेटिंग वाढवून घेतली आहे. त्यांनीही हे वाचावं असं वाटतं.

माझी गाडी कागदावर 195 न्यूटन-मीटर टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या पिळाच्या ताकदीची. सेटिंग करणाऱ्याने ती 280 च्या आसपास नेली. इंदूरच्या वाटेवर बिजासन घाटात भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सरसर चढायला लागली तेव्हा मी खूश होतो. मग आठ महिन्यांत दोनदा गिअरबॉक्स खोलावा लागला. एकदा तिसऱ्याची सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडावा म्हणून असलेली पितळी कडी) गेली, एकदा इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनकडून ताकद आत घेणाऱ्या दांड्याचं बेअरिंग. तिसऱ्या वेळी मे महिन्यात, रात्री अकराला, सेंधव्याच्या अलीकडे पाचवा गिअर दाणकन सुटला तो परत पडलाच नाही. माल तापला आणि व्यापाऱ्याने निम्म्या भावात उचलला.

तुमच्या शेडमध्ये आलो तेव्हा मी ठरवूनच आलो होतो. भंगारात ट्रकचा बिडाचा गिअरबॉक्स बघून ठेवला होता, तोच बसवून द्या म्हणालो. तुमची मजुरी आयती मिळत होती. तुम्ही मात्र आधी माझ्याच गाडीचं ऑइल काढायला लावलंत. ड्रेन प्लगच्या चुंबकाला चिकटलेला काळा लगदा अंगठ्यावर घेऊन उन्हात धरलात. त्यात तांदळाच्या कणीएवढे चकाकणारे तुकडे होते. म्हणालात, "भो, इंजिन पहिलवान शे, पन मनगट पोऱ्यानं शे." म्हणजे इंजिन पहिलवान, पण गिअरबॉक्सचं मनगट पोराचं.

मग शेडच्या फरशीवर खडूने जे समजावलंत, ते मला एवढी वर्षं गाडी चालवून कुणी सांगितलं नव्हतं. पहिला गिअर 4 चा असेल, म्हणजे इंजिनच्या चार फेऱ्यांना बाहेर एक फेरी, तर इंजिनचे 280 गिअरबॉक्सच्या मागून 1,120 होऊन निघतात, आणि तो सगळा भार दोन-तीन दातांवर येतो. दात तिरके कापलेले, त्यामुळे ते शाफ्टला बाजूलाही ढकलतात आणि लांबीच्या दिशेनेही रेटतात. मेन शाफ्ट आणि काउंटर शाफ्ट, म्हणजे गिअर बसवलेले दोन समांतर दांडे, यांच्यातलं अंतर जास्त असेल तर गिअर मोठे बसतात, आणि तेवढ्याच टॉर्कला दातावरचा जोर कमी होतो. म्हणजे मजबुती बघायची ती हे अंतर, दाताची रुंदी आणि बेअरिंगचं माप बघून. मी नुसतं वजन बघत होतो.

चौथ्या गिअरमध्ये ताकद इनपुटमधून सरळ आउटपुटला जाते, काउंटर शाफ्टवर भार येत नाही, हेही तेव्हाच कळलं. माझ्या गिअरबॉक्सात पाचवा मागच्या टोकाला, बेअरिंगच्याही बाहेर बसवलेला. आणि भरलेली गाडी कमी फेऱ्यांवर पाचव्यातच दामटायची माझी सवय होती, म्हणजे सगळा भार त्या टोकावरच. डिझेल वाचतंय असं समजत होतो.

ट्रकच्या गिअरबॉक्साचं गणितही तुम्ही मांडलंत. त्याचा टॉप, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, सरळ 1 चा. माझ्या टायरचा घेर 2.1 मीटर, मागच्या चाकांना फिरवणारं क्राउन-पिनियन 4.5 चं. म्हणजे ताशी 80 ला इंजिन मिनिटाला 2,850 फेऱ्यांवर ओरडत राहणार. 0.8 चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनपेक्षा बाहेर जास्त फेऱ्या देणारा गिअर, असेल तर त्याच वेगाला 2,300 च्या आतच. इंदूरपर्यंत जाऊन-येऊन डिझेल किती जाईल ते तुम्हीच पुढे जोडून दाखवलंत.

पण नाना, माझे खरे आभार त्या पुढच्या तासासाठी आहेत. गिअरबॉक्स उतरवल्यावर तुम्ही इंजिनच्या फ्लायव्हीलला डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळ) लावून बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनला जोडणाऱ्या कवचाच्या, भोकात सुई फिरवलीत. एक घर म्हणजे 0.01 मिलिमीटर, आणि सुई चाळीस घरं हलली. आधी ज्याने काम केलं त्याने हाउसिंग बसवताना ते नेमक्या जागी धरणाऱ्या दोन्ही डॉवेल पिना टाकल्याच नव्हत्या. गिअरबॉक्स नुसता बोल्टांवर, इंजिनच्या मध्यापासून सरकून लटकत होता. ट्रकचा गिअरबॉक्स बसवला असता तरी त्याचं बेअरिंग तसंच गेलं असतं. तुम्ही लेथवर पिना करून आणल्यात, स्वतःच्या हाताने ठोकल्यात, पुन्हा सुई फिरवलीत. आठ घरं. तेव्हा कुठे चहा मागवलात.

बाकीचं काम तुमच्या हातचं होतं, ते सुरळीत झालं. त्याच कंपनीच्या जड मॉडेलचा, 350 न्यूटन-मीटर झेलणारा पाच गिअरचा बॉक्स तुम्ही शोधलात. शाफ्टवरच्या खाचा (स्प्लाइन) वेगळ्या म्हणून क्लच प्लेट त्याच्या मापाची घेतली, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून आणला. गिअर ऑइल जीएल-4 प्रतीचंच टाकायचं, जीएल-5 मधलं गंधकाचं रसायन पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतं, हे तुम्ही माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलंत. पंपाची सेटिंग खाली आणल्याशिवाय किल्ली देणार नाही म्हणालात. तेव्हा मला राग आला होता. आज सांगतो, तुमचं बरोबर होतं.

गेल्या गुरुवारी भरलेली गाडी घेऊन बिजासन चढलो. तिसऱ्यात गिअरच्या दांड्यावर हात ठेवला होता. पूर्वी तिथे मुंग्या आल्यासारखा थरथराट असायचा. या वेळी दांडा शांत होता.

पाच हजार किलोमीटर झाले की ऑइल काढून चुंबकाचा प्लग न पुसता तुमच्यासमोर आणायचा, असं तुम्ही बजावलं होतंत. आज 4,600 झालेत. पंधरा दिवसांत येतो. आई कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून देणार आहे, त्या दिवशी डबा आणू नका.

तुमचा,
चोपड्याचा केळीवाला