सांगलीत कॉम्प्युटर ट्रेनिंगचा धंदा काढायचा म्हणतोस, तर

सांगली

प्रिय बंड्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. पुण्यातली नोकरी सोडायची, विश्रामबागेत गाळा घ्यायचा, वीसेक मशीन टाकायची आणि कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा. बेत ऐकायला झकास आहे. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहून पाठवतोय. इथं तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आधी गाळ्याचं. तुझ्या डोक्यात अजून आपल्या तरुणपणीचं चित्र आहे. 2001 साली एमकेसीएल ही कॉम्प्युटर शिक्षणाची कंपनी निघाली, पाठोपाठ तिचा एमएस-सीआयटी हा कोर्स आला, सरकारी नोकरीला तो दाखला लागायला लागला आणि गल्लोगल्ली सेंटर झाली. बारावीची परीक्षा संपली की बॅच फुल. त्यातल्या निम्म्या पोरांना कॉम्प्युटरशी देणंघेणं नव्हतं, दाखल्याशी होतं. तो कोर्स आजही चालतो. ज्यांची जागा स्वतःची आहे, सेंटरचं नाव जुनं आहे, ते टिकून आहेत. नव्यानं भाडं, लाइटबिल आणि चार-पाच वर्षांनी जुनी होणारी मशीन अंगावर घेऊन त्यात उतरायचे दिवस गेले. त्यामुळं गाळ्याचा विचार आजच सोड.

नोकरी करणाऱ्या माणसाला शिकवणं हा निराळा धंदा आहे, मी करतो तो, आणि तो वाढतोय. पण तो हौसेवर वाढत नाही रे. कायदा बदलला की माझा फोन वाजतो. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा मार्केट यार्डातल्या ज्या पेढीवर लाल वहीखेरीज काही नव्हतं तिथंही टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायला माणूस हवा झाला. पुढच्या एप्रिलमध्ये ई-वे बिल, म्हणजे मालाच्या गाडीबरोबरचा ऑनलाइन परवाना, आलं. मग ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल. ते तर आमच्यासारख्यांसाठी हप्त्याहप्त्यानं आलं: ऑक्टोबर 2020 ला 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना, मग 100, 50, 20, 10 असं खाली सरकत ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वरच्यांना. दर पायरीला गिऱ्हाईक लहान होत गेलं, आणि लहान गिऱ्हाईक म्हणजे घरचा मुलगा, एक अकाउंटंट आणि एक डिस्पॅचचा क्लार्क. त्यांना कोर्स नको असतो. गाडी गेटवर उभी आहे, ई-इनव्हॉइसचा नंबर, आयआरएन, निघत नाही, एवढं सोडवून दे म्हणतात. मधेच नोव्हेंबर 2020 मध्ये टॅली प्राइम आलं आणि टॅलीच्याच जुन्या ईआरपी 9 वर बोटं बसलेली माणसं हवालदिल झाली. काहीजण अजून जुन्याच्याच शॉर्टकट की दाबतात आणि स्क्रीनकडं बघून चिडतात.

2019 च्या पुराचा हात यात आहे, हे तुला तिकडं बसून लक्षात येणार नाही. त्या ऑगस्टमध्ये तळमजल्यावरच्या ऑफिसांत पाणी शिरलं, सीपीयू बुडाले, आणि बॅकअप घेतलेली हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. तोवर गूगल ड्राइव्हचं नाव काढलं की ‘आपला हिशेब परक्याच्या घरी कशाला’ म्हणणारे लोक नंतर स्वतःहून विचारायला लागले.

आता तुला एका अडत दुकानातली गोष्ट सांगतो, म्हणजे मी काय विकतो ते कळेल. हळदीचे सौदे ऐन भरात होते. दिवाणजी साठीचे, अक्षर मोत्यासारखं, एक्सेल मुलानं बळंच शिकवलेलं. तक्रार अशी की बेरीज शून्य येते. फाइल उघडली. वजनाच्या रकान्यात प्रत्येक आकड्यापुढं त्यांनी नीट ‘किलो’ लिहिलेलं, वहीत लिहीत तसंच. एक्सेलला ती सगळी अक्षरंच दिसत होती, बेरीज कशाची करणार? मी त्यांना दोनच गोष्टी दाखवल्या. आकडा उजवीकडं चिकटला तर तो आकडा, डावीकडं चिकटला तर अक्षर. आणि सेलचा फॉरमॅट असा बसवून दिला की नुसतं 52 टाकलं की समोर ‘52 किलो’ दिसतं, आत मात्र आकडाच राहतो. दिवाणजींनी चार पोत्यांची वजनं टाकून बघितली, बेरीज आली, तर आधी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिली आणि मगच मान डोलावली. मग त्यांनीच तारखांचा रकाना दाखवला, ‘हेपण डावीकडं आहे की!’ कॉम्प्युटर अमेरिकन तारखेवर सेट होता, म्हणजे आधी महिना, मग दिवस. पाच जुलै टाकलं की तो सात मे धरायचा, आणि महिन्यातली बारा तारीख उलटली की तारीख नुसती अक्षर होऊन डावीकडं पडायची. म्हणजे निम्म्या तारखा चुकीच्या आणि निम्म्या निकामी. थकबाकीची यादी कधीच जुळत नव्हती त्याचं कारण हे. कुठल्या कोर्समध्ये हे शिकवतात? शिकवतातही कदाचित, पण तिसऱ्या आठवड्यात, काल्पनिक विद्यार्थ्यांच्या काल्पनिक मार्कांवर.

माणसाला त्याच्याच फाइलवर, त्याच्याच टेबलावर बसून शिकवायचं, हाच माझा माल. बाकी सगळं आता स्वस्तात किंवा फुकट मिळतं.

कंपन्यांचं गणित मात्र वेगळं आहे. ते तू आतून पाहिलंयस, पण विकणाऱ्याच्या बाजूनं ऐक. फाउंड्रीचा किंवा मशीन शॉपचा एचआरवाला मला बोलावतो तो बहुतेक वेळा ऑडिट तोंडावर आल्यावर. आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत 7.2 नंबरचं कलम आहे: माणूस कामाला सक्षम हवा, नसेल तर त्याला तसं करा, केलेल्याचा परिणाम झाला का ते तपासा आणि पुरावा ठेवा. कलम चांगलं आहे. पण हाताशी लागतो तो शेवटचा शब्द, पुरावा. म्हणून हजेरीपत्रक, ग्रुप फोटो, आणि ‘प्रशिक्षक कसे वाटले’ अशी फॉर्मवरची पाच खुणांची रांग. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकानं 1959 मध्येच सांगून ठेवलंय की ट्रेनिंग मोजायच्या पायऱ्या चार: आवडलं का, शिकला का, कामात वापरतो का, धंद्याला फायदा झाला का. आपल्याकडं पहिल्या पायरीवर चहा-बिस्किट होऊन कार्यक्रम संपतो. मार्चमध्ये तर ‘ट्रेनिंगचे तास भरायचे राहिलेत’ म्हणून फोन येतात, आणि समोर थर्ड शिफ्ट करून आलेली पोरं बसवलेली असतात. एका ठिकाणी मी एक्सेलमधलं पिव्होट टेबल दाखवत असताना मागच्या ओळीत चक्क घोरणं ऐकू आलं. मी आवाज कमी केला. बिचाऱ्याला झोप तरी मिळावी.

अशा कामाला नाही म्हणू नकोस, पैसे तिथंच आहेत. फक्त कोटेशनमध्ये एक ओळ घाल: ट्रेनिंगनंतर महिन्याभरानं प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन त्याची फाइल बघणार. बहुतेक जण ती ओळ खोडतात. जे खोडत नाहीत त्यांना सोडू नकोस, ते पुढं वर्षानुवर्षं बोलावतात. आणि कलमात ‘परिणाम तपासा’ आहेच की, ऑडिटरला दाखवायला त्यांनाही ते बरं पडतं.

ऑनलाइनवाल्यांची तुला भीती वाटते म्हणालास. युडेमी 2010 पासून आहे, कोर्सेरा 2012 पासून, लिंक्डइननं 2015 मध्ये लिंडा ही शिकवणीची साइट विकत घेतली. कोविडमध्ये कंपन्यांनी शेकड्यानं लायसन्स घेतली. इथल्या एका कारखान्यात मी स्वतः पाहिलंय: जेवणाच्या सुट्टीत एकजण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत सगळ्यांचे कोर्स पुरे करतोय, कारण एलएमएसवर, म्हणजे कोणी किती कोर्स केले याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, शंभर टक्के हिरवं दिसायला हवं. हे म्हणजे जिमची वर्षाची फी भरून टॉवेल वाळत घालण्यासारखं. तरी ऑनलाइननं दर पाडला हे खरं. सूत्र कसं लिहायचं हे सांगायला आता कोणी हजारो रुपये देत नाही, मराठी यूट्यूबवर ते फुकट आहे. मोठे लोकही बदलले. एनआयआयटी 1981 ची, आपल्या वेळची स्वप्नातली संस्था. 2023 मध्ये त्यांनी कंपन्यांना ट्रेनिंग देण्याचा धंदा वेगळा काढून त्याची स्वतंत्र कंपनी शेअर बाजारात आणली. गल्लीतल्या विद्यार्थ्यापेक्षा कंपनीचं गिऱ्हाईक धरणं फायद्याचं, हे त्यांनी आपल्या आधीच ओळखलं.

राहिलं एआय. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा मला वाटलं आता आपलं दुकान बंद. उलटंच झालं. आता पोरं मोबाईलवर मराठीत प्रश्न बोलतात, सूत्र घेतात आणि फाइलमध्ये चिकटवतात. मशीन देतं एक्सलुकअप, म्हणजे यादीतून नेमकी नोंद शोधायचं नवं फंक्शन, ऑफिसात एक्सेल 2016, त्यात ते फंक्शनच नाही. समोर ‘हॅश नेम’ अशी चूक येते. मग फोन मला. हा तर साधा घोळ, डोळ्यांना दिसतो. वाईट तो की जिथं उत्तर येतं, बरोबर वाटतं आणि चुकीचं असतं: एकाच पार्टीचं नाव तीन पद्धतींनी लिहिलेलं, म्हणून तिची बाकी तीन ठिकाणी विखुरलेली, आणि यादी मात्र देखणी. त्यामुळं हल्ली माझा अर्धा वेळ सूत्र लिहायला शिकवण्यात जात नाही, आलेलं उत्तर ताडायला शिकवण्यात जातो. त्यात जुने दिवाणजी नव्या पदवीधरांपेक्षा सरस निघतात. त्यांना एकूण आकडा अंदाजे किती यायला हवा हे आधीच माहीत असतं. दुसरं एक खूळ असं की लोक पार्ट्यांची अख्खी खातेयादी, बँक नंबरांसकट, चॅटमध्ये टाकून मोकळे होतात. 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, पण मार्केट यार्डात त्याचं नाव मी सांगेपर्यंत कोणी ऐकलेलं नव्हतं. पुढचं ट्रेनिंग तिथून येईल असा माझा होरा आहे.

आणि हो, नव्या पोरांबद्दल गैरसमज करून घेऊ नकोस. मोबाईलवर बोटं विजेसारखी चालतात, पण फाइल कुठं सेव्ह झाली विचारलं तर उत्तर ‘व्हॉट्सॅपवर आहे’. फोल्डर नावाची गोष्ट त्यांनी पाहिलेलीच नाही. बी.कॉम. झालेल्या मुलीला मी डाउनलोड्समधल्या चौदाव्या ‘फायनल’ फाइलपासून सुरुवात करून शिकवलंय, आणि शिकली की ती सगळ्या ऑफिसला शिकवते.

तेव्हा माझं म्हणणं असं. नोकरी एकदम सोडू नकोस. शनिवारी इकडं ये, दोन गिऱ्हाइकं मी तुझ्याकडं वळवतो, दोन्हींना एक्सेलमधलं पॉवर क्वेरी, म्हणजे वेगवेगळ्या फाइली साफ करून एकत्र आणायचं साधन, हवंय आणि ते तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. गाळ्याऐवजी एक चांगला लॅपटॉप आणि एक छोटा प्रोजेक्टर घे. विंडोज-ऑफिस अधिकृत ठेव, गिऱ्हाइकाकडं पायरेटेड बघून कपाळाला हात लावायचा तर आपलं तरी साफ पाहिजे. जीएसटी नोंदणीची घाई करू नकोस, सेवेची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तोवर ती सक्तीची नाही. मात्र मोठ्या कंपन्या जीएसटी नंबर मागतात, तो विषय सीएबरोबर बोल. पैशांबाबत एकच सांगतो: कंपन्या बिल पास करायला महिनोन्महिने लावतात, अडतवाला त्याच दिवशी गल्ल्यातून काढून देतो आणि वर चहा पाजतो. दोन्ही प्रकार धर, नाहीतर एकात उपाशी राहशील.

वहिनींना विचारलंयस ना हे सगळं? मेसेजमध्ये त्यांचं नावही आलं नाही, म्हणून विचारतो. येशील तेव्हा त्यांनाही घेऊन ये. आधी त्या दिवाणजींकडं जाऊ. त्यांची थकबाकीची यादी आता जुळते, पण गेल्या तीन वर्षांच्या फाइली एकत्र करायच्या राहिल्यात आणि ते काम मी तुझ्या नावावर ठेवलंय.

तुझा,
मास्तर