मोडीतल्या निवाड्यांना बक्षीस कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि. अमेरिकेत तिथल्या कायद्याच्या इतिहासावर झालेल्या चांगल्या पीएचडी प्रबंधाला क्रॉमवेल फाउंडेशन बक्षीस देतं, हा क्रॉमवेल म्हणजे पनामा कालव्यासाठी लॉबिंग करणारा न्यूयॉर्कचा वकील (पैसा वकिलीतलाच!), आणि शिफारस करते १९५६ ला स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी फॉर लीगल हिस्टरीची कमिटी. आणि आपण? रामशास्त्रींचं नाव भाषणात घ्यायचं, बस्स. माझी भाची पेशवे दफ्तरात मोडीतले वतनाचे निवाडे वाचते, कागदाच्या कडा हाताला लागून झडतात, भिंगाखाली एक ओळ लावायला कधी अख्खी दुपार जाते, आणि घरी आल्यावर नातेवाईक विचारतात, मग नोकरी कधी? पुण्यातल्या वकील मंडळींनी वर्गणी काढून असं एखादं बक्षीस सुरू करायला काय हरकत आहे.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे