तेलाच्या बॅचचीही नोंद हवी

आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा) केंद्रांच्या यशाविषयीचा आपला लेख वाचला. वय, औषधे, खर्च सारे आले. भ्रूण पोषक द्रवाच्या (माध्यमाच्या) ज्या थेंबात पाच दिवस वाढतो तो थेंब मात्र राहिला. तो सुकू नये म्हणून त्यावर खनिज तेलाचा थर देतात. उष्णता-उजेडात राहिलेल्या तेलात पेरॉक्साइड ही घातक रसायने तयार होतात, भ्रूणाची वाढ खुंटते आणि तेल दिसायला नितळच राहते. उत्पादक उंदरांच्या भ्रूणांवर चाचणी घेतात: साधारणतः ९६ तासांत ८० टक्के भ्रूण ब्लास्टोसिस्ट (गर्भाशयात रुजण्यापूर्वीच्या) अवस्थेला पोहोचले, की बॅच उत्तीर्ण. पण वाहतूक आणि गोदाम त्यानंतर येतात. (आपल्याकडचा मे महिना सांगायला नको.) २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने केंद्रांची नोंदणी बंधनकारक झाली, हे योग्यच. आता तेल व माध्यमाचा बॅच क्रमांक दांपत्याच्या कागदपत्रांवर लिहिणेही सक्तीचे करावे.

– एक वाचक, नाशिक