सोन्याचं पोळं ओतताना

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

एकांकिकेचा खर्डा वाचला. दुसऱ्या प्रवेशात डेडॅलस, ग्रीक पुराणातला तो कारागीर, सलग दहा मिनिटं बोलतो आणि तेवढा वेळ त्याचे हात रिकामे असतात. मुलगा गेलेला कारागीर असा बसून राहणार नाही, त्याला आश्रय देणारा सिसिलीचा कोकालोस राजा त्याला बसू देणार नाही. त्याला काम दे. ग्रीक इतिहासकार डिओडोरसने सिसिलीतली त्याची कामं नोंदवली आहेत: कामिकोसचा तीन-चार माणसांनी राखता येईल असा अरुंद, वळणावळणाचा गड, सेलिनसजवळची वाफेची गुहा, एरिक्स डोंगराच्या कड्यावरची भिंत. आणि तिथल्या प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटीसाठी केलेलं सोन्याचं पोळं, हुबेहूब खऱ्यासारखं. (काही जण पोळ्याऐवजी मेंढा म्हणतात. तू पोळंच घे.) जे मेण उन्हात वितळून मुलाचे, इकॅरसचे, पंख सुटले तेच मेण पुन्हा हातात घ्यायचं, याहून मोठा प्रवेश तुला लिहावा लागणार नाही.

काम कसं होतं ते नीट सांगते. मेणाच्या पोळ्याभोवती मातीचा साचा करायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत सोनं ओतायचं. पोळं नवं, पांढरं हवं. जुन्या काळपट पोळ्यात अळ्यांच्या कोशांची साल असते, ती जळून राख मागे उरते आणि सोन्यात खड्डे पडतात. खऱ्या पोळ्याची भिंत मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ. इतक्या फटीत सोनं शिरत नाही, वाटेतच गोठतं. म्हणून वितळलेलं मेण कुंचल्याने फिरवून भिंती जाड करायच्या. मेण वितळतं 62 ते 64 अंशांना, पण मऊ पडतं त्याच्या कितीतरी आधी. कुंचला जरा जास्त गरम झाला की घरं एकमेकांत बसतात. डेडॅलसला हे कुणी शिकवायला नको.

आता वजन. सोनं मेणाच्या जवळजवळ वीसपट जड. तळहाताएवढं पोळं जेमतेम 10-12 ग्रॅम भरतं. जाड केल्यावर ते 50 ग्रॅम झालं तर सोनं लागेल किलोभर, शिवाय ओतायच्या वाटेत अडकणारं वेगळं. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त सोन्यासाठी मेणाच्या सोळापट असा हिशोब आहे. हिणाचं सोनं हलकं असतं, त्याला तो बरोबर बसतो. राजा सोनं तोलून देणार आणि तोलून परत घेणार, तेव्हा प्रवेशात तराजू हवाच. ग्रीक मूर्तिकार फिडियासवर अथेना देवीच्या मूर्तीतलं सोनं चोरल्याचा आळ आला, तेव्हा पत्रे उतरवून तोलता येत होते म्हणून तो त्या आळातून सुटला, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. आश्रयदाता कारागिराला डोक्यावर घेतो, पण तराजू हातातून सोडत नाही.

मग माती. पहिला हात वस्त्रगाळ मातीचा, ताकासारखा पातळ. पोळं तिरकं धरून एकेक घर पिसाच्या टोकाने भरायचं, कारण घर सेंटिमीटरभर खोल असतं आणि तळाशी हवा अडकते. एक बुडबुडा राहिला की तिथे सोन्याचा मणी. प्रत्येक घरात मातीचं एक बोट तयार होतं, तोंडाकडून तेवढं धरलेलं. ते कच्चं राहिलं तर ओतताना मोडतं आणि घर सोन्याने बुजतं. वरून जाड माती, शेण आणि तूस घालून. धातू जायची वाट आणि हवा निघायच्या वाटा मेणाच्याच काड्यांनी आधी जोडून ठेवायच्या.

तुझा खरा संघर्ष वाळवण्यात आहे. साचा सावलीत, प्रत्येक हात वाळू देत, आठवडा तरी पडून राहायला हवा. उन्हात ठेवला तर तडकतो, ओला भट्टीत घातला तर आतल्या वाफेने फुटतो. कोकालोसला सणाआधी पोळं हवं आहे, असं दाखव. मुलासाठी न भांडलेला बाप इथे चार दिवसांसाठी राजाशी भांडेल. आणि हे विसरू नकोस की याच माणसाने हुशार भाच्याला मत्सरापोटी अक्रोपोलिसवरून ढकललं होतं. त्याला देवमाणूस करू नकोस. इकॅरसची आई नॉक्राती, क्रीटच्या मिनोस राजाची दासी, तुझ्या खर्ड्यात कुठेच नाही. तिचं निदान नाव तरी येऊ दे.

साचा उलटा धरून तापवला की मेण गळतं. ते भांड्यात धरायचं. मातीत मुरलेलं मेण मात्र जळून जायला हवं: धूर थांबेपर्यंत, तोंडातून आत मंद लाल दिसेपर्यंत. घाई केली तर उरलेल्या मेणाचा वायू सोनं उलट उसळवतो. सोनं 1064 अंशांना वितळतं, ओतायला त्याहून बरंच गरम हवं आणि साचाही लालच असावा. धार एकच. मध्ये तुटली तर दोन गोठलेले थर एकजीव होत नाहीत.

रोमन कवी व्हर्जिल म्हणतो, इटलीतल्या क्युमीच्या देवळाच्या दारावर त्याने इकॅरसचं पडणं सोन्यात घडवायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा हात गळाले. ते सिसिलीच्या आधीचं. पोळं मात्र त्याला जमलं, आणि तुझ्या प्रवेशात जमलंच पाहिजे. साचा फोडताना हातोडी हलकी वापरायला सांग नटाला. माती घरांतून काडीने टोकरून काढायची असते, एका फटक्यात काही मोकळं होत नाही.

पोळ्याचा तुकडा नाटकासाठी हवा असेल तर मधुपालन करणाऱ्यांकडे माग. दिव्यांच्या उजेडात ठेवू नकोस, प्रयोगाआधीच बसेल.

तुझी,
आई