ऑफिसची विनोदी सिंथ-पॉप गाणी: हसू शब्दांत, शिस्त सुरांत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑफिसातली ठरावीक भाषा आणि ईमेलचा मनस्ताप यांवर १९८० च्या दशकातल्या सिंथ-पॉपच्या (सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर रचलेल्या पॉप संगीताच्या) थाटात रचलेली विनोदी गाणी आता पुष्कळ ऐकली जातात. वृत्तपत्रांत त्यांची दखल घेतली गेलीच तर ती दोन ओळींत, ‘व्हायरल’ म्हणून. चाल कुणाची, वाद्ययोजना कुणाची, याचा उल्लेखही नसतो. या प्रकारामागे खरी कारागिरी आहे आणि ती वाचकांपर्यंत पोहोचावी, म्हणून हे पत्र. ही गाणी शब्दांनी हसवतात, आणि तेही संगीत शेवटपर्यंत गंभीर राहिलं तरच. संगीतच दात काढू लागलं की ऐकणाऱ्याला हसायला काही उरत नाही.

ईमेल आणि सिंथ-पॉप ही एकाच काळातली भावंडं आहेत. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्राकडे संदेश धाडला आणि पत्त्यात ॲटचं चिन्ह वापरलं. टू, सीसी, बीसीसी, सब्जेक्ट हे आजचे ओळखीचे रकाने ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२२ या मानकात आहेत. त्याच वर्षी रोलँडचा जुनो-६० हा सिंथेसायझर आला. पुढच्या वर्षी यामाहाचा डीएक्स७ आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी जोडणारं मिडी. शिवाय सिंथ-पॉपचा पिंडच विरहाचा: खाली थंड, एकसारखे सूर आणि वर कुणाची तरी वाट पाहणारा आवाज. तीन आठवडे उत्तर न आलेल्या मेलसाठी याहून योग्य चाल कुठून आणणार?

आधी शब्दांकडे वळू, कारण बहुतेक गाणी तिथेच गडगडतात. टीआर-८०८ या १९८० च्या ड्रम मशीनवर एका ओळीत १६ बटणं आहेत. चार ठोक्यांच्या एका आवर्तनाचे १६ समान भाग. आपल्या पादाकुलकाच्या चरणात मात्राही १६, आठ-आठच्या दोन गटांत. म्हणजे मराठी गीतकाराला ही मोजपट्टी घरचीच आहे. एक बटण म्हणजे एक लघू, दोन बटणं म्हणजे एक गुरू. उदाहरणार्थ:

सोबत जोडत आहे फाइल
जोडायाचे राहुन जाइल

दोन्ही ओळी मोजून १६ मात्रांच्या आहेत आणि प्रत्येक चौथ्या मात्रेनंतर नवा ठोका सुरू होतो. विनोद दुसऱ्या ओळीत आहे, पण तो पोहोचतो पहिल्या ओळीच्या काटेकोर चालीमुळे. आता ‘माझ्या आधीच्या मेलप्रमाणे’ ही ओळ घ्या. ऑफिसातलं हे सर्वांत धारदार वाक्य, आणि ते ध्रुपदात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीत, घ्यायचा मोह प्रत्येकाला होतो. मात्रा भरतात १८. गायक दोन मात्रा कोंबतो, शब्द घरंगळतात आणि ऐकणाऱ्याला काय म्हटलं तेच कळत नाही. ‘माझा मागिल मेल बघावा’ केलं की मात्रा पुन्हा १६, आणि ‘बघावा’मधल्या आदबीमुळे बोचही वाढते.

इंग्रजीतून आलेले शब्द बसवताना आघात कुठे पडतो ते पाहावं लागतं. ‘जेंटल रिमाइंडर पुन्हा रे’ ही ओळ १६ मात्रांची आहे, पण आठ-आठ अशी तुटत नाही. ‘माइंडर’मधला ‘इं’ आठव्या मात्रेवर सुरू होतो, म्हणजे तिसऱ्या ठोक्याच्या एक पाऊल आधी. छंदाच्या हिशेबानं हा दोष. सिंथ-पॉपमध्ये तीच मजा आहे, कारण ठोक्याआधी उडी घेणारा स्वर या शैलीत हवाच असतो आणि ‘पुन्हा’मधला ‘न्हा’ बरोबर चौथ्या ठोक्यावर येऊन तोल सावरतो. मात्र अशी उडी ओळीत एकदाच. आणि ‘जेंटल’चा ‘ल’ तोडून बंद करायचा. तो भावगीतासारखा लांबवला की यंत्राचा थाट गेला.

शब्दांची यादी म्हणजे गाणं नव्हे. सिनर्जी, बँडविड्थ, अलाइनमेंट, ईओडी, फॉलोअप असे वीस शब्द एकापाठोपाठ गायले की पहिल्या चारांवर हसू येतं आणि मग कान मिटतात. एका गाण्यात एकच तक्रार असावी आणि ती कडव्यागणिक चढावी. पहिल्या कडव्यात मेल पाठवला. दुसऱ्यात आठवण करून दिली. तिसऱ्यात साहेबांना सीसीत घेतलं. तेवढं पुरे. सरकारी टिप्पणीची भाषाही या कामी उत्तम आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक वळतात. ‘माहितीस्तव व आवश्यक कार्यवाहीस्तव सविनय सादर’ हे शब्द यंत्राच्या आवाजात, एकाच सुरावर, घाई न करता म्हणून घ्यावेत. वेगळी चालही लागत नाही.

आता वाद्यं. लय मिनिटाला १२० ठोके धरली तर हिशेब सोपा होतो: एक ठोका ५०० मिलिसेकंद, त्याचा चौथा भाग १२५, पूर्ण आवर्तन दोन सेकंद. सुरुवातीची वाद्यं चार आवर्तनं, कडवं सोळा, मग ध्रुपद. म्हणजे ध्रुपद चाळिसाव्या सेकंदाला येतं. त्यापेक्षा उशीर करू नये. एकूण लांबी तीन मिनिटांच्या आत ठेवावी, कारण विरहगीत पाच मिनिटं चालतं, विनोद चालत नाही.

ए मायनर, एफ, सी, जी ही कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) मालिका नवी नाही, पण इथे तिचा एक खास उपयोग आहे. मेल आल्याची घंटी गाण्यात हवीच असते. बहुतेक जण फोनमधला तयार आवाज उचलून चिकटवतात. तो गाण्याच्या पट्टीत नसतो आणि कानाला खुपतो. घंटी स्वतः घडवावी. एफएम सिंथेसायझरवर दोन ऑपरेटर, म्हणजे लहरी काढणारे घटक, घ्यावेत: ऐकू येणाऱ्या कॅरिअरचं वारंवारतेचं गुणोत्तर १, त्याची वारंवारता हलवणाऱ्या मॉड्युलेटरचं ३.५. मॉड्युलेटर कॅरिअरच्या आधी विझला पाहिजे, म्हणजे सुरुवातीला धातूचा टणत्कार आणि नंतर स्वच्छ सूर उरतो. हा सूर ‘ई’ ठेवावा. ए मायनरवर तो पंचम होतो, एफवर सातवा, सीवर तिसरा, जीवर सहावा. चारही कॉर्डवर चालतो, म्हणून घंटी कुठेही वाजली तरी गाण्याचाच भाग वाटते. कडव्यात दोनदा, हळू आवाजात. मोठ्यानं वाजवली तर ऐकणारा दचकून स्वतःचा फोन तपासतो आणि गाण्यातून बाहेर पडतो.

बेससाठी एक सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखी लहर काढणारा) ऑसिलेटर पुरतो: ठोक्याचे दोन भाग करून खालचा आणि वरचा सप्तक आळीपाळीनं. पॅडसाठी, म्हणजे मागे लांब टिकणाऱ्या सुरांसाठी, जुनोची रीत पाहावी. जुनो-६० मध्ये एका वेळी सहाच स्वर वाजतात आणि प्रत्येक स्वराला एकच ऑसिलेटर असतो. आवाज मुळात सडपातळ; त्याला रुंदी देतो तो कोरस, म्हणजे आवाजाची किंचित हलणारी प्रत मूळ आवाजात मिसळणारा परिणाम. संगणकावर तोच थाट उभा करताना लोक सात-सात ऑसिलेटर एकावर एक रचतात, आणि आवाज १९८२ चा न राहता वीस वर्षांनंतरच्या नाचगाण्याचा होतो. एक ऑसिलेटर, कोरस, चार स्वरांची कॉर्ड, बस्स. जुनो-६० च्या पट्ट्या जोर ओळखत नाहीत, हलकं दाबा की जोरात, आवाज तेवढाच. म्हणून आर्पेजिओतले (कॉर्डचे एकामागून एक सुटे वाजणारे) सगळे स्वर एकाच जोराचे ठेवावेत आणि त्यांत ‘माणसासारखी’ चूक मुद्दाम घालू नये. गायकाची तगमग आणि वाद्याची बेफिकिरी यांतला ताण हाच इथला विनोद आहे.

काळाच्या चुका तालवाद्यांत सर्वाधिक होतात. बास ड्रम वाजला की बाकी सगळा आवाज दबून पुन्हा वर येतो, तो श्वास घेतल्यासारखा परिणाम नंतरच्या काळातला. इथे तो नको. लिन एलएम-१ या १९८० च्या यंत्रात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित नमुने होते, पण क्रॅश झांज नव्हती. त्यामुळे त्या थाटात ध्रुपदात शिरताना झांज आपटण्याऐवजी टॉमची एक उतरती ओळ आणि टाळी वापरावी. स्नेअरला मोठ्या हॉलचा घुमारा द्यावा आणि गेटनं (आवाज एकदम बंद करणाऱ्या यंत्रणेनं) तो साधारण २०० मिलिसेकंदांवर कापावा. १२० च्या लयीत अर्धा ठोका २५० मिलिसेकंदांचा, म्हणजे पुढचा बेसचा स्वर सुरू होण्याआधी जागा मोकळी होते. गेट जास्त वेळ उघडा राहिला तर शब्दांवर धुकं चढतं, आणि शब्द कळले नाहीत तर सगळाच खटाटोप वाया.

व्होकोडरचंही तेच. यात आवाजाचं पट्ट्यापट्ट्यांत विश्लेषण होऊन त्याचा आकार सिंथेसायझरच्या सुराला दिला जातो. स्वर छान उमटतात. स, श, च, फ मात्र विरून जातात. ‘सविनय’चं ‘अविनय’ ऐकू आलं तर अर्थच उलटतो. उपाय असा: मूळ आवाजातला सुमारे पाच हजार हर्ट्‌झच्या वरचा भाग गाळणीनं वेगळा काढून व्होकोडरच्या जोडीला हळू मिसळायचा. वाहक सूर भरपूर तीक्ष्ण ठेवायचा, सॉटूथच. मऊ साइन लहरीत कोरण्यासारखं काही नसतंच. आणि पूर्ण कडवं व्होकोडरवर कधीच नको. तो स्वयंचलित उत्तरासाठी राखून ठेवावा: ‘मी सध्या रजेवर आहे’ हे यंत्र म्हणतं, बाकी माणूस गातो.

या स्वयंचलित उत्तरांतच एक सुंदर प्रसंग दडलेला आहे. दोन रजेवरच्या माणसांची यंत्रं एकमेकांना उत्तरं देत राहू शकतात. हे टाळण्यासाठी अशा संदेशांवर वेगळी खूण असावी, असं २००४ च्या आरएफसी ३८३४ मध्ये नमूद आहे. गाण्यात दोन व्होकोडर, एक डावीकडे, एक उजवीकडे, सवाल-जवाबासारखे, आणि मध्ये कुणीही माणूस नाही. आठ आवर्तनं पुरेत.

‘रिप्लाय ऑल’साठी इतिहासानंच आराखडा दिलेला आहे. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये बेडलॅम डीएल३ नावाची हजारो पत्त्यांची यादी होती. एकानं आपलं नाव काढायला सांगितलं, मग ‘माझंही’ म्हणणारे आले आणि मग ‘सर्वांना उत्तर देऊ नका’ असं सर्वांना कळवणारे. हा क्रम जसाच्या तसा समूहगायनात बसतो. पहिल्या फेरीला एक आवाज, दुसरीला दोन, मग चार, मग आठ, प्रत्येक थर थोडा वेगळ्या सुरात. सोबत डिलेचा फीडबॅक, म्हणजे प्रतिध्वनीतून पुन्हा आत सोडला जाणारा आवाज, हळूहळू शंभर टक्क्यांपर्यंत न्यायचा. त्यापुढे आवाज आपसूक वाढत जातो, म्हणून शेवटी आवाजाला कमाल मर्यादा घालणारा लिमिटर लावणं अत्यावश्यक, नाहीतर हेडफोनवाल्याच्या कानाला खरीच इजा होईल. मग एका ठोक्यावर सगळं तोडायचं. दोन सेकंद शांतता. आणि ती ‘ई’ची घंटी.

विषयाच्या ओळीत साचत जाणारं ‘आरई: आरई: आरई:’ सुरुवातीच्या सॅम्पलरच्या (आवाजाचा तुकडा साठवून पट्ट्यांवर वाजवणाऱ्या वाद्याच्या) रीतीनं करावं. १९८१ च्या ईम्यू इम्युलेटरमध्ये जेमतेम दोन सेकंदांचा आवाज मावत असे, आणि एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबली की अक्षर अडखळत राही. आजही तसाच एक छोटा तुकडा कापून हातानं वाजवावा. बीसीसीसाठी, म्हणजे बाकीच्यांना न कळता पाठवलेल्या प्रतीसाठी, एक कुजबुजणारा आवाज फक्त एका कानात ठेवावा, बाकीच्या मिश्रणात त्याचा मागमूसही नको.

गायकानं हे प्रेमगीत समजूनच गावं. खालच्या पट्टीत, चेहरा न हलवता, हसू न आणता. ‘फाइल’ या शब्दावर आवाज कापरा झाला तरी चालेल, पण तो खरा असावा. हेल काढून, विदूषकी सुरात गायलेलं गाणं दुसऱ्यांदा कुणी ऐकत नाही.

मिश्रण झालं की ते लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर ऐकावं, कारण ही गाणी कामाच्या टेबलावरच ऐकली जातात. तिथे बेसचे खालचे सूर जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून बेसवर किंचित सॅच्युरेशन (वरचे उपस्वर जोडणारी हलकी विकृती) द्यावं किंवा वरच्या सप्तकात त्याची हलकी प्रत जोडावी. शब्दांसाठी बाकीच्या वाद्यांमधून दोन ते चार हजार हर्ट्‌झचा पट्टा दोन-तीन डेसिबलनं कमी करावा.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अशा गाण्यांचं रीतसर परीक्षण छापावं, अशी विनंती आहे. त्यात गीतकार, संगीतकार, वाद्ययोजनाकार आणि ध्वनिमुद्रक यांची नावं असावीत, ध्रुपदाचे शब्द मात्रांसह छापावेत आणि कोणता आवाज कशानं काढला हे सांगावं. चाल, ताल आणि शब्द यांतलं काय जमलं आणि काय फसलं, हे परीक्षकानं स्पष्ट लिहावं. असं परीक्षण वाचायला गाणी करणारे आणि ऐकणारे दोघेही तयार आहेत.

आपला,
सिंथेसायझर-संगीताचा एक अभ्यासक