माळ्यावरचा कॅमेरा टाकू नकोस

पुणे, जानेवारी

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

माळ्यावरचा मीड कंपनीचा डीप स्काय इमेजर (डीएसआय), दुर्बिणीला लावायचा तो कॅमेरा, भंगारात घालू का, असं तू विचारलंस. अजिबात घालू नकोस! माझा डीएसआय प्रो, म्हणजे त्याचाच कृष्णधवल प्रकार, परवा पुन्हा चालू झाला, तोही आजच्या ६४ बिट लिनक्सवर. हे तुला सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आपले हे कॅमेरे २००५च्या सुमाराचे. सोबतच्या सीडीवरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला कॅमेरा चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम, विंडोज एक्सपीच्या काळातला, ३२ बिटांचा, आणि ६४ बिट विंडोज असा ड्रायव्हर घेतच नाही. व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकात, एक्सपी बसवूनही काम भागतं, पण रात्री रानात दुर्बिणीशेजारी तेवढा पसारा मला नको होता.

खरी मेख कॅमेऱ्याच्या आत आहे. त्यातल्या यूएसबी सांभाळणाऱ्या सायप्रस एफएक्स२ चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, कॅमेऱ्यात साठवलेलंच नसतं. वीज मिळाली की तो नुसती आपली ओळख सांगतो, १५६सी:०१००, आणि वाट बघत बसतो. संगणकाने फर्मवेअर पाठवलं की तो यूएसबीवरून स्वतःला तोडून घेतो आणि १५६सी:०१०१ या नव्या ओळखीने परत जोडला जातो. फोटो काढतो तो हा दुसरा. म्हणून केबल लावल्यावर यादीत कॅमेरा दिसतो, पण एकही फ्रेम येत नाही, आणि कॅमेरा गेला असं वाटून माणूस तो माळ्यावर टाकतो. व्हर्च्युअल मशिन वापरायचं ठरवलंस तरी दोन्ही ओळखी त्याला द्याव्या लागतील, नाहीतर फर्मवेअर पोचताच कॅमेरा हातातून निसटेल.

लिनक्सवर यासाठी यूडेव्हचा, म्हणजे जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या व्यवस्थेचा, एक नियम लागतो: ०१०० दिसला की एफएक्सलोड या छोट्या प्रोग्रॅमने फर्मवेअर भरायचं. पुढचं सगळं इंडी या खगोल उपकरणं चालवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरचा डीएसआय ड्रायव्हर बघतो. मी तो दुर्बिणीपाशी रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर चालवतो आणि लॅपटॉपवर केस्टार्स या आकाशनकाशाच्या प्रोग्रॅममधून एक्सपोजर देतो. हौशी लोकांनी हा ड्रायव्हर लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्या अनोळखी माणसांचे माझ्यावर उपकार आहेत, असंच मी मानतो.

आता माझ्या कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपबद्दल. सोनीची आयसीएक्स२५४एएल, ५१० × ४९२ पिक्सेल. आजच्या मोबाइलपुढे हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण एकेक पिक्सेल ९.६ × ७.५ मायक्रॉनचा आहे, म्हणजे प्रकाश गोळा करायला चांगला ऐसपैस. पिक्सेल चौरस नसल्यामुळे कच्च्या फ्रेममध्ये चंद्र उभट दिसतो. चित्र आडवं १.२८ पट ताणलं की गोल होतो. शिवाय ही चिप टीव्हीच्या जमान्यातली, सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या वाचणारी. त्या एकमेकींत गुंफायचं कामही ड्रायव्हरच करतो.

थंडी असेपर्यंत हात चालवून घे. या कॅमेऱ्याला कूलिंग नाही, आणि तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की चिपमधला डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही उष्णतेने उमटणारा खोटा संकेत, साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात फ्रेमभर पांढरे ठिपके पडतील. हे ठिपके वजा करायला लागणाऱ्या अंधाराच्या फ्रेम, म्हणजे डार्क फ्रेम, त्याच रात्री, तेवढ्याच एक्सपोजरच्या, दुर्बिणीला झाकण लावून घ्यायच्या. जुन्या साठवलेल्या चालत नाहीत, तापमान जुळत नाही.

माझ्या ४०० मिमी फोकल लेंथच्या दुर्बिणीवर चंद्र या चिपमध्ये जेमतेम बसतो. पण मृगातला तेजोमेघ, एम ४२, काय सुंदर आला म्हणून सांगू! छोट्या एक्सपोजरमध्ये मधली ताऱ्यांची चौकडी सुटी सुटी दिसली. लांब एक्सपोजरच्या फ्रेम सायरिल या प्रोग्रॅममध्ये स्टॅक केल्या, म्हणजे एकावर एक रचून एक चित्र केलं, तर दोन्हीकडचे पंख पसरलेले, आणि काळी खाच स्पष्ट. तेराशे प्रकाशवर्षांवरून आलेला तो प्रकाश या चिपवर २००५ मध्ये जसा उमटला असता तसाच आजही उमटतो. सोनीने अशा सीसीडी चिप बनवणं थांबवायचं ठरवलं ते २०१५ मध्ये, त्यामुळे आहेत ते जपायला हवेत असं मला फार वाटतं.

तुझा कॅमेरा रंगीत आहे, त्यात एक वेगळं काम आहे. त्याच्या पिक्सेलवर नेहमीचे लाल-हिरवा-निळा नाहीत. सायन, मजेंटा, पिवळा आणि हिरवा असे फिल्टर आहेत. नेहमीच्या पद्धतीने रंग काढायला गेलास तर चुकीचे निघतील. तोवर कृष्णधवलच काढ, रंगांचं गणित आपण दोघं मिळून बसवू. सीडी शोधत बसू नकोस, तिची गरज नाही. केबल लावून लिनक्सवर एलएसयूएसबी ही जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा चालव आणि ०१०० दिसतो का ते मला लगेच कळव.

तुझा,
श्रीकांत