बादलीतले जंतुनाशक आणि चिखल्या

महोदय,

लावणी लागली की कोकणात घरोघरी आंघोळीच्या बादलीत जंतुनाशकाची टोपणे रिती होतात आणि चिखलातून आलेले पाय त्यातच बुडवले जातात. चिखल्या टळाव्यात म्हणून हा खटाटोप. होते बहुधा उलटे.

निरोगी कातडीवर जंतूंची कायमची वस्ती असते. त्यातला स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा गळवे आणणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसची जागा आणि खाद्य अडवतो, त्याचे काही वाण तर त्याला मारक द्रव्येही सोडतात. मुरुमांमुळे बदनाम झालेला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस त्वचेतले तेल फोडून मेदाम्ले तयार करतो. या आम्लांमुळे आणि घामामुळे त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचे माप; ७ च्या खाली आंबट) साधारण ४.५ ते ५.५ राहतो आणि त्या आंबटपणात रोगजंतूंची वाढ मंदावते. २०१६ मध्ये तर जर्मनीतल्या संशोधकांना माणसाच्या नाकातल्या एका जंतूकडून नवे प्रतिजैविकच सापडले.

साध्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. एकदा धुतल्यावर कातडी काही तासांत सावरते. दिवसातून चारदा साबण आणि वर जंतुनाशक, मग तिला सवडच मिळत नाही. ती कोरडी पडते, चिरते आणि त्या भेगांतूनच जंतू आत शिरतात.

चिखल्यांचे मूळ पायाच्या बोटांमधल्या, भिजून पांढऱ्या पडलेल्या बेचक्यांत आहे. तिथे बुरशीचे फावते. म्हणून वाहत्या पाण्याने चिखल काढावा, साबण एकदाच लावावा आणि बेचक्या जुन्या सुती फडक्याने टिपाव्यात. घासल्या तर मऊ झालेली साल निघते. मग अर्धा तास पाय उघडे ठेवावेत. खोबरेल टाचांना लावा, बेचक्यांत नको, तिथे ओल कोंडते. गमबूट रात्री उलटे टांगावेत; दोन जोड असतील तर आलटून पालटून वापरावेत.

गजकर्णावर दुकानातून आणलेले स्टिरॉइड-मिश्रित मलम खाज थांबवते आणि बुरशी पसरवते. ते टाळावे.

मात्र कोयत्याची किंवा माशाच्या काट्याची जखम झाली, तर कातडीवरचे हे राखणदार जंतू पुरे पडत नाहीत. ती साबण-पाण्याने लगेच धुवावी, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. चिखलात काम केल्यावर ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्यास लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाची) शंका धरून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि शेतात उतरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

— एक वाचक, गुहागर